पुरात भिजलेल्या पद्मिनीचं ट्रिम: आधी बसणी, मग चमक

प्रश्न थोडक्यात असा: घर सांगलीच्या गावभागात. आजोबांनी घेतलेली १९७५ची प्रीमियर पद्मिनी. ऑगस्ट २०१९च्या पुरात काचांच्या खालच्या कडेपर्यंत पाणी आलं होतं. इंजिन, ब्रेक, वायरिंग करून झालंय, आता पत्र्याचं काम आणि रंग निघालाय. आतलं छत लोंबतंय, सीटना अजून वास येतो, दारांचे पॅड फुगलेत, बंपरला गंज आहे, बाजूच्या चकचकीत पट्ट्या चेपल्यात. रंगवाला म्हणतो आधी रंग होऊ दे, ट्रिमचं (बंपर, पट्ट्या, सीट, छत अशा आतबाहेरच्या साजाचं) नंतर बघू. बाजारात नवा पूर्ण सेट मिळतो असं ऐकलंय. जुनं नीट करावं की नवं घ्यावं, आणि सुरुवात कुठून करावी?

रंगवाल्याला थोडं थांबवा. तो खोटं सांगत नाही, स्वतःच्या सोयीचं सांगतोय. ट्रिम गाडीवर दोनदा बसतं. एकदा रंगाच्या आधी, नुसतं जुळवून बघायला. दुसऱ्यांदा रंगानंतर, कायमचं. पहिली फेरी टाळली की पुढं काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघतोय. नव्या रंगावर ड्रिल फिरतं. क्रोम करून आणलेला बंपर ब्रॅकेटच्या भोकांशी जुळत नाही म्हणून दोघं जण त्याला गुडघा लावून वाकवतात, आणि वाकवला की वळणावर निकल-क्रोमचा थर तडकतो. पत्रेवाल्यानं पुढचा मडगार्ड दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत-बाहेर ठोकलेला असेल तर हेडलाइटची रिंग आणि पुढची जाळी दोन्ही तिरकी दिसतात. हे रंगानंतर लक्षात आलं तर पत्रेवाला रंगवाल्याकडं बोट दाखवतो आणि रंगवाला तुमच्याकडं.

तेव्हा आधी सगळं उतरवा. पत्र्याचं काम संपून गाडी प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरावर, आली की बाहेरचं ट्रिम जसं असेल तसं, गंजकं-चेपकं, एकदा चढवा. फटी सारख्या करा, भोकं जुळवा, वाकलेलं सरळ करा, मग परत उतरवा. गाडी रंगाला जाईल त्याच वेळी ट्रिम बफिंगला (चाकावर घासून चमकवायला) आणि प्लेटिंगला (निकल-क्रोमचा थर चढवायला) जाईल. असं केलं तर एकूण वेळही वाढत नाही.

नवा सेट की जुनं, याचं माझं उत्तर सरळ आहे: रबर नवं घ्या, धातू जुनाच राखा, आणि रेक्झिनचं (नकली चामड्याच्या कापडाचं) काम जुन्या नमुन्याबरहुकूम इथल्याच कुशनवाल्याकडून करून घ्या. तयार सेटमधले क्रोमचे भाग बहुतेक वेळा पातळ पत्र्याचे असतात आणि वळणं जुळत नाहीत. तुमच्या जुन्या बंपरचा पत्रा जाड आहे. तो गंजलेला दिसतो, पण आरपार सडला नसेल तर त्याच्या तोडीचा नवा मिळणार नाही.

आणि काहीही फेकू नका. सडलेलं, फाटलेलं, वास मारणारंसुद्धा. दाराचा फुगलेला पॅड हाच नव्या पॅडचा नमुना आहे, लोंबलेलं छत हेच नव्या छताचं माप आहे. नवं बसून चार पावसाळी दिवस काढले की मग जुनं भंगारात घाला.

उतरवताना प्रत्येक भागाचा फोटो घ्या, पण नुसत्या फोटोवर विसंबू नका. प्रत्येक पट्टीच्या मागं पेन्सिलीनं डावी-उजवी, पुढची-मागची लिहा, स्क्रू-क्लिपा त्या त्या भागासोबत वेगळ्या पिशवीत ठेवा. बंपरचे बोल्ट आदल्या दिवशी गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. बाजूची पट्टी पेचकसानं एका टोकाला उचकटायची नाही. प्रत्येक क्लिपच्या शेजारी पातळ लाकडी पाचर सरकवत थोडी थोडी उचलायची. स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीला एकदा मोड आला की ती ठोकून सपाट होते, पण उजेडात मोड दिसतोच. काच खालीवर करायच्या हँडलमागं पिन किंवा घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. क्लिप असेल तर हँडल आणि पॅड यांच्यामध्ये सुती कापडाची पट्टी घालून बूट पुसतात तशी पुढं-मागं ओढा, क्लिप आपोआप सरकून बाहेर येते. येताना उडते, तेवढं लक्ष ठेवा.

आता धातू ओळखणं. हे नीट झालं नाही तर पुढचं सगळं बिघडतं, कारण एका धातूचा इलाज दुसऱ्याचं विष आहे. चुंबक घ्या. घट्ट चिकटला आणि कुठं तरी लाल गंज दिसला तर क्रोम केलेलं लोखंड: बंपर आणि तशा जड वस्तू. चिकटला, पण गंजाचा मागमूस नाही आणि पट्टी पातळ, लवचिक आहे, तर ते स्टेनलेसही असू शकतं. ‘चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही’ असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. गाड्यांच्या पट्ट्यांना ४३० जातीचं स्टेनलेस भरपूर वापरलं जातं आणि त्याला चुंबक चिकटतो. चिकटत नाही, हलकं आहे, वर पांढुरके डाग आहेत ते अॅल्युमिनियम. चिकटत नाही, पण हातात जड लागतं, आणि वरच्या क्रोमला बारीक फोड आलेत ते मझाक, म्हणजे जस्ताचा ओतीव मिश्रधातू. दारांची हँडलं, दिव्यांच्या कडा, नावाची अक्षरं यांत तो सापडतो.

मझाकबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथं सर्वांत जास्त नुकसान होतं. लोखंडावरचा जुना गंज आणि निकल काढायला प्लेटिंगवाले आम्लाची टाकी वापरतात. मझाकचा तुकडा चुकून त्या टाकीत गेला तर बाहेर येताना अर्धा झालेला असतो. म्हणून मझाकच्या वस्तू वेगळ्या पिशवीत, वर ठळक लिहून द्या आणि देताना तोंडानंही सांगा. फोड आलेत तिथं खालचं जस्त खाल्लं गेलेलं असतं. जुना थर उतरवून प्रत्येक खड्डा टोकदार हत्यारानं स्वच्छ धातू दिसेपर्यंत कोरावा लागतो, मग तांब्याचा थर देऊन, घासून, पुन्हा तांबं देऊन तो भरून आणतात. पहिला तांब्याचा थर क्षारी द्रावणातलाच लागतो. आम्लातलं तांबं थेट जस्ताला खातं. हे काम वेळखाऊ आहे आणि ज्याला वेळ नाही तो प्लेटर नुसतं बफ मारून वर क्रोम चढवून देतो. तीन महिन्यांत फोड परत. चांदीचं बारीक काम केलेला पॉलिशवाला मिळाला, हुपरीकडं असे हात आहेत, तर नावाची अक्षरं त्याच्याकडून घासून घ्या. बफच्या चाकावर अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि गोल झालेली कड कोणीही परत धारदार करू शकत नाही.

बंपरसाठी प्लेटर शोधताना एक गोष्ट विचारा: सजावटीचं क्रोम करता की हार्ड क्रोम? कुपवाड-मिरजेपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत कारखान्यांचा पट्टा आहे, त्यात प्लेटिंगवाले सापडतील, पण कारखान्यांना लागणारं बरंच काम जस्ताचं आणि हार्ड क्रोमचं असतं. हार्ड क्रोम हायड्रॉलिकच्या दांड्यांना घालतात. ते जाड आणि चिवट असतं, पण आपल्याला हवी ती आरशासारखी झळाळी त्यात नसते. आपल्याला हवं ते तांबं, त्यावर निकल, त्यावर क्रोम. यातलं क्रोम अगदी नावापुरतं असतं, पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चमक निकलची आणि गंजापासून राखणही निकलची. क्रोम फक्त निकलला काळवंडू देत नाही आणि ती निळसर छटा देतं. त्यामुळं भावाची घासाघीस करताना प्लेटर जे वाचवतो ते निकल असतं. वीस-तीस मायक्रॉन निकल घाला, त्याचे वेगळे पैसे घ्या, असं आधीच सांगून टाका.

दुसरं, प्लेटिंग काहीच लपवत नाही. रंगाखाली लांबी (पुट्टी) भरून खड्डा झाकता येतो, क्रोमखाली येत नाही. उलट आधी न दिसलेला ओरखडा क्रोमनंतर दिसायला लागतो. त्यामुळं बफिंग झाल्यावर, निकलच्या आधी, स्वतः जाऊन बंपर उन्हात फिरवून बघा. प्लेटरला हे आवडत नाही, तरी जा. आणि बंपर घरी आला की मागची बाजू बघा. तिथं प्लेटिंगचा प्रवाह नीट पोचत नाही, थर पातळच बसतो, आणि गंज तिथूनच पुढं येतो. मागून एपॉक्सी प्रायमर आणि काळा रंग मारूनच बसवा.

घरी क्रोमची टाकी लावायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. यातलं क्रोमिक आम्ल कर्करोगाला कारण ठरलेलं आहे, आणि सांडपाणी गटारीतून शेवटी कृष्णेतच जाणार.

क्रोम शाबूत आहे आणि वर नुसते तांबूस ठिपके आहेत, अशा भागांना प्लेटिंगला पाठवूच नका. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं चोळा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडा पडत नाही, ठिपके निघतात. मग धुऊन, कोरडं करून मेण लावा. काथ्या किंवा तारेची घासणी मात्र जवळ आणू नका.

चेपलेल्या स्टेनलेस पट्ट्या हे या कामातलं माझं आवडतं काम आहे. पट्टी पालथी धरून, खाली शिसवी लाकडाचा तुकडा किंवा शिशाची वडी ठेवून, गोल तोंडाच्या लहान हातोडीनं मागून टिचक्या मारायच्या. ठोकायचं नाही, टिचक्याच. मग पुढच्या बाजूला मार्करची शाई फासून बारीक कानस सपाट फिरवायची. जिथं शाई राहिली तो खड्डा, जिथं आधी उडाली तो उंचवटा. पुन्हा मागून टिचक्या. सगळीकडून शाई एकसारखी उडाली की ३२०चा वॉटर पेपर, मग ४००, ६००, ८००, शेवटी १०००. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडव्या दिशेनं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. मग सिसलच्या (खरखरीत दोऱ्याच्या) चाकावर कापणारी पॉलिशची वडी आणि शेवटी सुती चाकावर मऊ वडी. चाकावर पट्टी धरताना चाक कडेवरून बाहेर सुटलं पाहिजे, कडेत शिरता कामा नये. शिरलं तर पट्टी हातातून हिसकून भिंतीवर जाते, मध्ये तुमचं तोंड असेल तर तोंडावर. चेहऱ्यावर पूर्ण ढाल घाला आणि लांब पट्टी फळीला बांधूनच चाकासमोर न्या.

अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं धातूवरच तयार केलेला, कडक थर असतो. तो असेपर्यंत तुम्ही कितीही घासा, डाग जात नाही, कारण डाग त्या थरातच असतो. तो थर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उतरतो, पण कॉस्टिक थर संपला की थांबत नाही, खालचा धातूही खातो. शिवाय त्यातून निघणारा वायू पेट घेणारा असतो. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, मिनिटा-मिनिटाला बघत करायचं काम आहे. पॉलिश झाल्यावर परत अॅनोडायझिंग करून घ्यावं. नाहीतर चमक काही महिन्यांत मावळते आणि दर वेळी मेण लावत बसावं लागतं.

या सगळ्या पट्ट्या ज्या क्लिपांनी बसतात त्या क्लिपांची भोकं ही या गाड्यांची खरी दुखरी जागा. भोकाची कड उघडा पत्रा असते, पट्टीमागं पाणी साठतं, लोखंडी क्लिप अॅल्युमिनियमला टेकलेली असते, आणि दोन वेगळे धातू व पाणी एकत्र आले की गंज जास्त वेगानं चालतो. पट्टीखाली रंगाचे फुगे दिसतात ते याचमुळं. पत्र्याचं काम चालू असतानाच प्रत्येक भोक गोल कानशीनं साफ करून कडेला प्रायमर लावून घ्या. शेवटच्या बसणीत क्लिपखाली नायलॉनचा बुश किंवा ब्युटिलच्या चिकट पट्टीचा तुकडा घाला, वर थोडं ग्रीस. पट्टीच्या मागच्या पन्हाळीतही मेण लावा. ही दोन तासांची मेहनत नव्या रंगाला किती वर्षं देते ते आपल्याकडच्या पावसात कळतं.

आता आत. पुराच्या गाडीत आतल्या कामाची सुरुवात कापडापासून करायची नाही, गाळापासून करायची. कृष्णेचा तो काळा चिकट गाळ वाळला तरी पोटात ओल धरून ठेवतो. सीट, मॅट, खालचं फेल्ट किंवा गोणपाट सगळं बाहेर काढा. मास्क आणि हातमोजे घाला, त्या पाण्यात शहरभरची गटारं मिसळलेली होती. गाडीच्या तळावरचे डांबरी थर कोपऱ्यातून उचकटून बघा. खाली ओल गेली असेल तर खरवडून काढावेच लागतील. दारांच्या तळाला आणि पायरीखालच्या पोकळीत पाणी निघून जायला छिद्रं असतात, ती तारेनं मोकळी करा आणि पाइपनं आत पाणी मारत राहा. आधी काळं येईल, मग तांबडं, स्वच्छ पाणी यायला वेळ लागतो. ते येऊन, आतून कोरडं करून, गंजरोधक मेणाचा फवारा मारल्याशिवाय दारांना पॅड लावायचे नाहीत.

दारांचे पॅड म्हणजे हार्डबोर्डवर रेक्झिन. फुगलेला हार्डबोर्ड दाबून सपाट होत नाही, नवाच कापायचा. जुना पॅड ठेवून कड आखा, क्लिपांची भोकं आखा, पण कापण्याआधी दारावर धरून बघा, कारण फुगल्यानं माप एखाद्या सुतानं वाढलेलं असतं. ३ मिलिमीटरचा बोर्ड घ्या आणि दोन्ही बाजूंना व कडांना वॉर्निश पाजा. बहुतेक कुशनवाले हे करत नाहीत, तुम्ही उभं राहून करून घ्या. पॅडच्या मागं दाराच्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवायचा असतो, खालची कड दाराच्या पोटात सोडून. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यावरून घसरून छिद्रातून बाहेर जातं. कारखान्यातून आलेला तो कागद पहिल्या दुरुस्तीत फाटतो आणि नंतर कोणी लावत नाही. दारांचे पॅड सडतात ते बहुतेक वेळा यामुळं. तुमच्या बाबतीत पूर आला, एवढाच फरक.

छताचं कापड तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं. प्रत्येक कमानीची लांबी आणि वळण वेगळं, म्हणून काढतानाच पुढून मागं नंबर घाला. कमानी गंजल्या असतील तर घासून रंगवा, नाहीतर नव्या छतावर तपकिरी रेघा उमटतील. जुनं कापड उसवून त्यावरून नवं बेता, पण चहूबाजूंनी दोन इंच जास्त ठेवून. लोंबलेलं कापड खरं माप सांगत नाही, कमानीच्या शिवणींमधलं अंतर मात्र बरोबर सांगतं. ताणायला मधल्या कमानीपासून सुरुवात, मग एकदा पुढं एकदा मागं, शेवटी दोन्ही बाजू. पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली या कापडाची कड जाते, म्हणजे छत काचा बसवण्याच्या आधी. हा क्रम उलटा झालेला मी इतक्या वेळा बघितलाय की मुद्दाम सांगतो.

आणि हे काम मार्च ते मेमध्ये करा. ऊन असलं की रेक्झिन मऊ पडतं, ताण चांगला घेतं, बारीक सुरकुत्या गरम हवेनं जातात. पावसाळ्यात फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद वाळताना त्यावर हवेतली ओल बसते, वरून वाळल्यासारखा दिसतो आणि पकड घेत नाही. दोन्ही पृष्ठभागांना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडायचा. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, कारण त्या वासानं डोकं गरगरतं.

काचेचं रबर विकत घेताना तुकडा दुमडून बघा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर दुकानातच म्हातारं झालंय. ईपीडीएम या कृत्रिम रबराचं मिळालं तर तेच घ्या, ऊन आणि हवा त्याला फारशी बाधत नाही. जुन्या रबराचा आडवा छेद कापून सोबत न्या आणि ओठाची जाडी जुळवा. बसवताना रबराच्या आतल्या ओठात सुतळी घालायची, दोन्ही टोकं खाली मध्यभागी आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून एकजण तळव्यानं दाबतो, आतून दुसरा सुतळी ओढत ओठ पत्र्यावर चढवत जातो. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, रबर फुगतं. साबण नको असेल तर ग्लिसरीन.

सीटमध्ये स्प्रिंगा असतात, त्यांवर काथ्या, वर कापूस किंवा फोम. स्प्रिंगा राखा: घासून, गंजरोधक रंग देऊन, तुटलेल्या बांधून. भिजलेला काथ्या आणि फोम मात्र धुऊन वाळवून परत घालू नका, तो वास त्यांच्यातच आहे. हल्ली कुशनवाले स्प्रिंगा काढून नुसता फोमचा ठोकळा बसवतात. त्यानं गाडी चालवणाऱ्याची बसायची उंची बदलते, स्टिअरिंग मांडीला लागतं आणि सीट पहिल्या वर्षी टणक, तिसऱ्या वर्षी खोलगट होते. स्प्रिंगांवर गोणपाट, मग रबराइज्ड काथ्याची गादी, वर ४० डेन्सिटीचा पातळ फोम. पाठीला ३२ चालतो. काथ्या हवा खेळू देतो आणि लवकर वाळतो, आपल्या गावात हे महत्त्वाचं. तरी पुन्हा वाळवायची वेळ येऊ नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, पण तुमच्या गल्लीत कितव्या फुटाला पाणी शिरतं ते तुम्हाला पाठ असेल. त्याच्या दहा फूट आधी गाडी विश्रामबागेकडं किंवा मिरजेला कोणाच्या तरी दारात गेलेली बरी.

विश्रामबागेवरून आठवलं. तिथलं वालचंद कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, त्याच वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कंपनीची ही गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पद्मिनी हे नाव तिला १९७४पासून, म्हणजे तुमची अगदी सुरुवातीची. म्हणून रेक्झिनचा रंग आणि दाणा अंदाजानं निवडू नका. मूळ रंग उन्हात नसतो. तो सीटच्या खालच्या दुमडीत, हँडलच्या चकतीमागं, पॅडवरच्या धातूच्या पट्टीखाली सापडतो. तिथला चौकोन कापून बाजारात न्या. उभ्या रेघा मूळच्या शिवलेल्या आहेत की यंत्रानं दाबून उठवलेल्या, तेही बघा. दाबलेल्या असतील तर शिवून नक्कल होते, पण अंतर तंतोतंत ठेवायला सांगा. टाका ४-५ मिलिमीटरचा हवा. बारीक टाका मजबूत वाटतो, पण रेक्झिनला ओळीनं भोकं पडतात आणि ते त्याच रेघेत फाटतं. दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओलीनं कुजतो.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीची २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. त्यासाठी चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात लागतं. रेक्झिनच्या दाण्याबद्दल तो नियम काही बोलत नाही. मात्र अशी नोंद झाली की गाडी रोजच्या वापरात चालत नाही, तेव्हा लग्नाकार्याला, गणपतीला हिंडवायची असेल तर आधी नीट विचार करा.

सुटे भाग शोधायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावर दिसेनाशी झाली. त्या गाड्यांच्या मोडीतून बाहेरचे धातूचे भाग, दिव्यांच्या कडा, हँडलं मिळाली तर घ्या. आतलं काही घेऊ नका, टॅक्सीवाल्यांनी सीट आणि छत आपापल्या आवडीनं इतक्या वेळा बदललेलं असतं की त्यात मूळ काही शिल्लक नसतं.

बारीकसारीक उरलं. स्टिअरिंगच्या चिरा इंग्रजी व्हीसारख्या रुंद करून एपॉक्सी पुट्टीनं भरा, घासा, पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या. मागच्या दिव्यांच्या लाल काचा प्लॅस्टिकच्या असतात, त्यांना थिनर-पेट्रोल लागलं की आतून जाळी पडते. १५०० आणि २०००च्या वॉटर पेपरनं, मग पॉलिशनं उजळतात. रेक्झिनला खोबरेल तेल नको, कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. आणि रंग होईपर्यंत गाडीच्या आसपास तो चमकवणारा सिलिकॉनचा डॅशबोर्ड स्प्रे कोणी मारू नये. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि रंगवाला रंगाच्या डब्याला दोष देतो.

पैसे टप्प्याटप्प्यानं घालायचे असतील तर आधी गाळ-गंज, रबरं आणि छत, कारण यांच्यात उशीर झाला तर बाकीचं सडतं. मग बंपर आणि मझाक. सीट त्यानंतर, तोवर जुन्यावर चादर घालून चालवा. व्हील कॅप सर्वांत शेवटी घ्या, आणि आतल्या बाजूला गाडीचा नंबर रंगानं लिहा. मिरज रोडवरच्या खड्ड्यात एखादी उडालीच तर परत आणून देणाऱ्याला कोणाच्या दारात जायचं ते तरी कळेल.